सणासुदीला घरी केक-नानकटाई करायचा फार ताण येतो. आवड नसताना हे कसं निभवायचं?

सरळ उत्तर हवं असेल तर: यातलं बहुतेक सगळं करूच नका. एखादा पदार्थ करा, तोही सणाच्या आठ दिवस आधी, आणि बाकीचं बेकरीतून आणा.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीला नानकटाई, मग डिसेंबरात सोसायटीच्या पार्टीला केक आणि मुलीच्या वर्गाला कुकीज, असं ऑक्टोबरपासून डोक्याला लागून राहतं. ग्रुपवर रोज कुणाच्या तरी केकचा फोटो येतो, सासूबाई काही बोलत नाहीत पण ओटीजीवरची, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनवरची, धूळ पुसून ठेवतात. (हे वाचून हसू आलं. पुण्यात टोमणा असाच मारतात.) मलाही बेकिंगची आवड नाही. तरी दर दिवाळीत घरी नानकटाई होते आणि माझी झोप उडत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ते अपराधी वाटणं काढून टाका, कारण त्याला आधारच नाही. चकली, शेव, करंजी हे घरचं काम होतं. नानकटाई बेकरीचंच काम. पेठांतल्या घरांत ओव्हन होता कुठे? दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून जवळच्या बेकरीत न्यायचं, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं, बेकरीवाला ते सगळं कालवून पत्र्यावर लावणार आणि भट्टीत सरकवणार. आपल्या डब्यातलं तूप दुसऱ्याच्या पिठात जात नाही ना, एवढं बघायला घरातलं कुणीतरी तिथे उभं करायचं. एवढाच काय तो घरचा सहभाग! नंतर काही घरांत काचेची खिडकी असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आला, त्यात रविवारी रव्याचा केक व्हायचा. पण दिवाळीची नानकटाई भट्टीचीच. सामान दिलं तर करून देणाऱ्या बेकऱ्या आजही आहेत. तुमच्या भागात दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी चौकशी करा, शेवटच्या आठवड्यात ते कुणाचं ऐकून घेत नाहीत.

आणि एक सांगा, पुण्यात बाकरवडी कोण घरी करतं? पाहुणे निघाले की चितळ्यांचं पाकीट आणि कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं हातात देतो. ती बेकरी १९५५ पासून आहे, दुपारी बंद असते, तरी लोक रांगेत उभे राहून खोके आणतात. ते खोकं देताना कुणाची मान खाली जात नाही. मग नानकटाई विकतची दिली तर का जावी?

आता ताणाबद्दल. आपला हात तळणाचा आहे. चकली मोडली तर पिठात पाण्याचा हात लावतो, तेल तापलं तर गॅस बारीक करतो, पहिला घाणा बिघडला तर दुसरा सुधारतो. ओव्हनचं दार लावलं की तुमच्या हातात काही राहत नाही. वीस मिनिटं नुसतं काचेतून बघायचं. वर्षानुवर्षं अंदाजाने स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे जड जाणारच. म्हणून इथे जे करायचं ते दार लावायच्या आधी, आणि त्यातलं निम्मं वजनकाट्यावर. वाटी-चमच्यावर विसंबू नका. परदेशी कृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी बहुधा त्याहून बरीच लहान. त्या कपात मैदा जेमतेम १२५ ग्रॅम बसतो आणि साखर २०० ग्रॅम, म्हणजे 'एक कप' हे काही वजन नव्हे. कृतीत ३५० अंश दिसले तर घाबरू नका, ते फॅरनहाइट असतं, आपले सेल्सिअस १७५.

दुसरं, ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं फारसं पटत नाही. वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. नवीन साचे घेण्याआधी तो घ्या. (साचे, भांडी, खोकी लागलीच तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहे, पण तिथे जाऊन नको ते घेऊन येण्याची शक्यता जास्त.)

आणि हिशोब. मध्यम ओटीजीच्या ट्रेवर बारा नानकटाया बसतात, फार तर पंधरा. घरचं, शेजारचं आणि ऑफिसचं धरून शंभर करायच्या म्हटल्या तर सात-आठ फेऱ्या होतात. एका फेरीला वीस मिनिटं, वर ट्रे गार व्हायची पाच-दहा. झाले तीन तास, तेही चिवडा-लाडूच्या गर्दीत. ताण येतो तो इथे. म्हणून पंचवीस करा. प्रत्येकाच्या फराळाच्या ताटात एक गेली की पुरे. दिवस निवडताना गुरुवार टाळा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज कुठे ना कुठे बंद असते आणि ती नेमकी ट्रे आत गेल्यावर जाते.

नानकटाईच का, तर ती टिकते आणि तिला सजावट लागत नाही. वर भेगा पडल्या तरी कुणी नाव ठेवत नाही, उलट भेगांची चांगली समजतात. पंचवीसेक नगांसाठी मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, तूप १५०, पिठीसाखर १३०, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. सगळं यश तुपात आहे. ते थिजलेलं हवं, रवाळ असलं तर उत्तमच. पातळ तूप घातलंत की नानकटाई ट्रेवर पसरून चकतीसारखी होते. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत तूप आपोआप थिजतं, पण दिवाळी ऑक्टोबरात आली तर दुपारी बरणीतलं तूप अर्धवट पातळ झालेलं असतं. तेव्हा आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. मग तूप आणि पिठीसाखर एकत्र फेटा, रंग पांढरट होऊन ते हलकं होईपर्यंत. हाताने आठ-दहा मिनिटं लागतात, आणि हे काम घरातल्या पुरुषमाणसाला द्यावं. त्यात चाळलेली पिठं घालून फक्त गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं तिंबू नका, तिंबलं की ती खुसखुशीत न होता कडक होते. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप, हाताला चिकटत असेल तर वीस मिनिटं फ्रिज.

ओव्हन १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या. गोळे किंचित दाबून अंतराने लावा आणि मधल्या जाळीवर १८ ते २० मिनिटं ठेवा. आता सगळ्यात अवघड भाग: बाहेर काढताना ती मऊ लागते. तरीही काढा. कच्ची वाटते म्हणून पुन्हा आत ढकलली की गार झाल्यावर दातांची परीक्षा. खालची कड फिकट सोनेरी दिसली की झाली. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहते. म्हणून तर आठ दिवस आधी म्हटलं.

केकचंही तेच. नाताळचा केक २४ डिसेंबरला रात्री करायचा असतो ही समजूत कुठून आली कळत नाही. इंग्लंडात सुकामेव्याचा केक कित्येक आठवडे आधी भाजून ठेवतात, मधूनमधून त्यावर ब्रँडी शिंपडतात आणि तो मुरतो. नाताळच्या पुडिंगचं मिश्रण तर अ‍ॅडव्हेंट (नाताळआधीचे चारेक आठवडे) सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, कालवायची प्रथा आहे. ज्यांचा सण आहे तेच आदल्या दिवशी धावपळ करत नाहीत, मग आपण कशाला? सोसायटीच्या पार्टीला कॅम्पातल्या एखाद्या बेकरीचा प्लम केक आणा, पातळ काप करा, काम झालं. किंवा घरून केक करून विकणाऱ्या कुणाला नोव्हेंबरातच सांगून ठेवा. तुमच्याच इमारतीत कुणीतरी असेल.

मुलीच्या वर्गाच्या कुकीज मात्र तिच्याशी बोलून ठरवा. तिला स्वतःला करायच्या असतील तर पीठ आदल्या रविवारी मळून, लांब वळी करून, कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. तिथे ती महिनाभर राहते. आदल्या संध्याकाळी सुरीने चकत्या कापायच्या आणि भाजायच्या, अर्ध्या तासात आटोपतं. तिला रस नसेल तर पुडा विकत घ्या. सातवीतल्या मुलांना फरक कळत नाही, कळला तरी ती विकतचीच आधी संपवतात.

एक धोक्याची सूचना. ग्रुपवर कुणीतरी 'मैद्याऐवजी नाचणी, साखरेऐवजी गूळ, अंडं नको' अशी कृती टाकेल. सवय नसताना तिच्या वाटेला जाऊ नका. नाचणीत ग्लुटेन, म्हणजे पीठ चिवट करणारं गव्हातलं प्रथिन, नसतं, त्यामुळे तिचा केक धरून राहत नाही. गुळात ओलावा असतो, त्याने कुकी मऊ पडते. आणि केक बांधून धरायचं बरंचसं काम अंडं करतं. ते काढलं तर दही आणि सोड्याचं प्रमाण नीट जमावं लागतं. सोडा जास्त झाला की केकला साबणासारखी चव येते. हे तिन्ही बदल एकाच केकमध्ये, तेही सणाच्या दिवशी करायचे म्हणजे आवड असणाऱ्यांचा खेळ आहे. त्यांना खेळू द्या, फोटोला अंगठा द्या आणि पुढे सरका.

सासूबाईंचं राहिलं. त्यांना ओव्हन वापरलेला बघायचाय, केकच हवा असं काही त्या म्हणालेल्या दिसत नाहीत. येत्या थंडीत भरताची वांगी तेल लावून, टोचे मारून २०० अंशांवर पाऊण तास आत ठेवा. गॅसचा बर्नर घाण होत नाही. फक्त निखाऱ्याचा वास येत नाही, हे त्या बोलून दाखवतीलच.