फलकावरची पाच नावं

प्रश्न : बाई, मी ऐरोलीच्या एका शाळेत सातवीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. दर चाचणीनंतर फलकावर पहिल्या पाचांची नावं लागतात आणि दोन वर्षं ती तीच आहेत. परवा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘बाई, आम्ही ढ, आम्हाला कशाला सांगता?’ सगळ्यांनाच चांगल्या कामाची ओढ लागावी म्हणून काय करू? आणि त्यात हुशार मुलांचं नुकसान तर होणार नाही?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : त्या मुलाचं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. ठाण्यात ३१ वर्षं शिकवलं, त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं असा फलक मीच सुवाच्य अक्षरात लिहीत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फलक राहू द्या. त्यावर नावांऐवजी कामं लावा, सगळ्यांची. पण पहिल्या फटक्यात केलेली नकोत.

२०१५ साली ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा सहावीच्या मुलांना मी फ्लेमिंगोचं चित्र काढून खाली माहिती लिहायला सांगितली. बहुतेकांच्या पक्ष्याला पोपटाची चोच! एरवी मी ‘छान’ असा शेरा मारून वह्या परत केल्या असत्या. त्या वेळी सगळे कागद भिंतीवर लावले, शेजारी एक फोटो लावला आणि विचारलं, ‘खाताना याची मान कशी आहे?’ मुलं बघत राहिली. डोकं उलटं, चोच मध्येच वाकलेली. मग दुसरं चित्र, तिसरं, काहींचं पाचवंसुद्धा. चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा वहीत कधी काही लिहीत नसे. पक्षी ठरावीक वेळीच चिखलात का उतरतात, हे मात्र वर्गात त्यालाच ठाऊक होतं. ‘सुकती लागली की चिखल उघडा पडतो, बाई.’ सुकती म्हणजे ओहोटी. ‘सुकती’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला. त्याच्या पहिल्या कागदावर दोन ओळी होत्या, चौथ्यावर अकरा.

आपल्याकडे कच्ची वही असते, पक्की वही असते. पण कच्च्यातलं पक्क्यात जाताना फक्त अक्षर सुधारतं, मजकूर तोच राहतो. तिथेच मुलांना थांबवा. ‘कुठलं वाक्य मला कळलं नाही, ओळख’ असं विचारा. ४२ मुलांचं दर आठवड्याला जमणार नाही. महिन्यातून एकच काम असं करा.

आणि ‘ढ’ या शब्दाबद्दल. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही मुलं लवकरच चमकतील. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले : पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा जास्त प्रगती झाली होती. त्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. तरी कोणाला प्रश्न विचारून आपण किती वेळ थांबतो आणि कोणाला लगेच ‘बस खाली’ म्हणतो, हे एक आठवडाभर स्वतःचं स्वतः मोजा. मी मोजलं होतं. मागच्या बाकांपाशी मी थांबतच नव्हते.

हुशार मुलांचं म्हणाल, तर त्या वर्षी माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीचं चित्रही मी परत दिलं. ती रडली. तिचं काम तोवर कधी परत आलंच नव्हतं. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती कोळीवाड्यातल्या त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसलेली दिसली. सुकती रोज थोडी उशिरा का लागते, हे ती त्याला विचारत होती.