ओव्हर्टवरून आता हलायचं का? माझा अनुभव

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीन होस्ट (म्हणजे खरे सर्व्हर), त्यांवर बावीस व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेली आभासी मशीनं), सहा वर्षं सगळं ओव्हर्टवर, म्हणजे अशी मशीनं सांभाळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवर, बिनतक्रार चाललंय. आता प्रोजेक्ट बंद पडतोय असं ऐकलं, तर थांबायचं की निघायचं?

निघा, पण धावपळ करू नका. महापेच्या एका कंपनीत मी सात वर्षं ओव्हर्ट सांभाळलं, त्यावरून सांगतो.

प्रोजेक्ट बंद झालेला नाही, त्याचे पगारी हात कमी झालेत. केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर व्हीएम चालवणारं तंत्र, जिथे जन्मलं ती क्वुमरानेट कंपनी रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने २००८ मध्ये घेतली. तिचं विंडोजवर चालणारं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर जावामध्ये आणलं आणि २०११ मध्ये ओव्हर्ट म्हणून खुलं केलं. मुख्य काम करणारे बहुतेक जण रेड हॅटचेच होते. पुढे कंपनी ओपनशिफ्ट व्हर्च्युअलायझेशन या आपल्या दुसऱ्या उत्पादनाकडे वळली आणि ओव्हर्टवर बेतलेल्या रेड हॅट व्हर्च्युअलायझेशनचा मेंटेनन्स सपोर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये संपला. ओव्हर्ट ४.५ आलं २०२२ मध्ये. त्यानंतर दुरुस्त्या आल्या, मोठी झेप नाही. ओरॅकलचं व्हर्च्युअलायझेशन मॅनेजर ओव्हर्टवरच उभं आहे, म्हणून कोडकडे बघणारं कोणीतरी आहे. पण रात्री दोनला तुमचं इंजिन (सगळ्या होस्टना हुकूम देणारा ओव्हर्टचा मुख्य प्रोग्राम) उठलं नाही तर पूर्वीसारखं पटकन उत्तर मिळेल, या भरवशावर मी कारखाना ठेवणार नाही.

तुमच्या व्हीएम ओव्हर्टच्या कैदेत नाहीत. त्या चालतात केव्हीएमवर, आणि केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून आहे, ते कुठे जात नाही. जोखीम आहे ती इंजिन आणि त्याचे हुकूम पाळणारा होस्टवरचा प्रोग्राम व्हीडीएसएम यांच्या नात्यात. हे दोघे एकमेकांना सर्टिफिकेटने, म्हणजे मुदतीच्या डिजिटल ओळखपत्राने, ओळखतात. आमच्याकडे एका पावसाळ्यात होस्टची सर्टिफिकेटं संपली. तारीख कोणी बघितलीच नव्हती. सकाळी सगळे होस्ट ‘नॉन रिस्पॉन्सिव्ह’. व्हीएम चालू होत्या, पण एकही हलवता येईना. होस्ट मेंटेनन्समध्येही (दुरुस्तीसाठी बाजूला काढण्याच्या स्थितीत) जाईना, म्हणजे सर्टिफिकेट नव्याने घेण्याचा नेहमीचा रस्ताच बंद. शेवटी इंजिनवर हाताने सह्या करून सर्टिफिकेटं होस्टवर नेली, लिबव्हर्ट (होस्टवर व्हीएम हाताळणारी सेवा) आणि व्हीडीएसएम रीस्टार्ट केलं, तेव्हा होस्ट हिरवे झाले. त्या दिवशी मेलिंग लिस्टवरच्या एका जुन्या उत्तराने तारलं. तसं उत्तर लिहिणारी माणसंच आता कमी होत चाललीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून इंजिन धडधाकट आहे तोवरच निघा. सर्टिफिकेटच्या तारखा आजच बघा. इंजिन-बॅकअप या कमांडने इंजिनची प्रत घ्या आणि ती फाइल या तीन होस्टच्या बाहेर ठेवा, कारण तुमचं इंजिनही त्यांच्यावरच व्हीएम म्हणून बसलंय.

तीन होस्टसाठी ओव्हर्टच्या जागी मी प्रॉक्समॉक्स घेईन. तेही केव्हीएमच, डेबियनवर, २००८ पासून चालू. एक्ससीपी-एनजी चांगलं आहे, पण ते झेनवर, म्हणजे हायपरवायझरच (व्हीएम चालवणारा मूळ थर) बदलतो. व्हीएमवेअरचा विचार मात्र सोडा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते घेतल्यावर कायमची लायसन्स विकणं थांबवलं, दरवर्षीचं सबस्क्रिप्शन तुमच्या बजेटला झेपणार नाही.

हलवताना आधी सगळे स्नॅपशॉट (व्हीएमच्या जुन्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) मिटवा, नाहीतर डिस्कची साखळी अर्धवट येते. स्टोरेज एनएफएस (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) असेल तर डिस्क म्हणजे साधी फाइल, आयस्कझी (नेटवर्कवरून जोडलेली कोरी डिस्क) असेल तर एलव्हीएमचा व्हॉल्यूम, म्हणजे त्या डिस्कचा पाडलेला एक भाग. व्हीएम बंद करून क्यूईएमयू-आयएमजी या कमांडने दोन्ही नव्या ठिकाणच्या स्वरूपात बदलून घेता येतात. व्हीएम सुरू होण्याची पद्धत बायोस की यूईएफआय, जी होती तीच ठेवा. विंडोज नवं नेटवर्क कार्ड आलं असं समजून स्टॅटिक आयपी (हाताने ठरवून दिलेला नेटवर्कचा पत्ता) विसरतं, म्हणून बावीसही आयपी आधी कागदावर उतरवा. मशीनशी बांधलेली लायसन्स असतील तर त्या विक्रेत्यांना अगोदर कळवा.

शुक्रवारी कारखाना बंद असतो म्हणालात, तो दिवस वापरा. सगळ्या व्हीएम दोन होस्टवर बसवून तिसरा रिकामा करा, त्यावर प्रॉक्समॉक्स टाका आणि पहिल्या शुक्रवारी बिनमहत्त्वाची एकच व्हीएम न्या. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा हिशेब-साठा सांभाळणारी व्हीएम, सगळ्यात शेवटी. आणि कोणता होस्ट बंद पडला हे क्लस्टर (एकत्र जोडलेले होस्ट) बहुमताने ठरवतं, त्या मतांसाठी तीन होस्ट हवेत, म्हणून तिसरा प्रॉक्समॉक्सवर येईपर्यंत हाय अव्हेलेबिलिटी (एक होस्ट पडला की व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू होणं) चालू करू नका.

तुमचं स्टोरेज कोणतं आहे आणि दोन होस्टच्या रॅममध्ये बावीस व्हीएम बसतात का, एवढं इथे लिहा, मग पहिल्या शुक्रवारचा क्रम मी सविस्तर देतो.