खोकला थोडासाच आहे, पण जात का नाहीये?

खोकल्यासाठी कुणी समुपदेशकाकडे येत नाही, लोक येतात ते झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते असं सांगत, आणि मग बोलता बोलता कळतं की हे सगळं एका बारक्या खोकल्याभोवती फिरतंय. दोन-अडीच महिने झाले, जात नाहीये, आपल्याला काही मोठं तर नाही ना, हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

एक गृहस्थ आले होते, पन्नाशीच्या आसपासचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही, धाप नाही, नुसतं घशात खवखवायचं आणि ठसका यायचा. वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेले आणि त्यांचा खोकलाही सुरुवातीला सगळ्यांना साधाच वाटला होता. त्यामुळे कुणी "अहो साधा खोकला आहे, जाईल" म्हटलं की यांना धीर यायच्या ऐवजी घामच फुटायचा. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर शोधत बसायचे, मुद्दाम खोकून बघायचे की आवाज कालच्यापेक्षा वेगळा येतोय का, रुमाल लाईटखाली धरून बघायचे, बायकोला उठवून विचारायचे. आणि एवढं सगळं करून डॉक्टरकडे मात्र गेले नव्हते! "मॅडम, एक्स-रे काढला आणि त्यात काही निघालं तर?"

हे मला फार वेळा दिसतं. जेवढी भीती मोठी तेवढा माणूस तपासणीपासून लांब राहतो आणि शोधाशोध मात्र वाढवत नेतो.

"काही नसेल हो" असं मी म्हणाले नाही, कारण ते ठरवायचा मला अधिकार नाही आणि त्यांना ते ऐकून ऐकून कंटाळाही आला होता. मी एवढंच सांगितलं की मोठ्या माणसाचा खोकला ८ आठवड्यांच्या वर गेला की डॉक्टर त्याला जुनाट धरतात (लहान मुलांमध्ये ४ आठवडे) आणि मग तो कितीही किरकोळ वाटला तरी छातीचा एक्स-रे सहसा काढतातच. तुमच्यात काही भयंकर दिसलं म्हणून काढत नाहीत, सगळ्यांचाच काढतात. हे ऐकून ते जरा सैल झाले, कारण त्यांच्या डोक्यात एक्स-रे सांगितला म्हणजे डॉक्टरला संशय आला असंच होतं.

मग आम्ही डॉक्टरला दाखवायला एक कागद तयार केला. हे मी जवळजवळ सगळ्यांना करायला लावते, कारण घाबरलेला माणूस डॉक्टरसमोर बसला की निम्मं विसरतो आणि उरलेलं "तसं काही नाही" म्हणून सोडून देतो. सुरुवात सर्दी-तापाने झाली होती का? व्हायरल गेला तरी श्वासनलिका काही आठवडे हुळहुळीच राहते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा हे लांबतं, २०१३ सालच्या एका अभ्यासात लोकांचा अंदाज होता की खोकला ७ ते ९ दिवसांत जायला हवा आणि प्रत्यक्षात सरासरी निघाली जवळपास १८ दिवसांची. आडवं झाल्यावर वाढतो का, नाकातून घशात काही उतरल्यासारखं वाटतं का? थंड हवेत, हसताना, जिना चढताना, पहाटे येतो का? कारण दम्याचा एक प्रकार असाही असतो ज्यात शिट्टीसारखा आवाज नाही, धाप नाही, नुसता खोकला. जेवणानंतर येतो का? ॲसिड वर येऊन खोकला होतो आणि बऱ्याच जणांना छातीत जळजळ अजिबात जाणवत नाही. सिगरेट ओढता का, घरात कुणी ओढतं का, कामाच्या जागी धूळ-धूर आहे का? आणि बऱ्याचदा यातली दोन कारणं एकत्रच असतात, म्हणून एकाच औषधाने पूर्ण बरं वाटत नाही आणि लोक लगेच घाबरतात.

शेवटचा प्रश्न, गोळ्या कुठल्या चालू आहेत? "काही नाही." मग थोडं थांबून, "बीपीची आहे एक, पण ती काय रोजचीच." केव्हापासून? तर मागच्या काही महिन्यांतच नवीन सुरू झालेली. मी म्हटलं हे कागदावर सगळ्यात वर लिहा, आणि स्वतःच्या मनाने ती अजिबात बंद करू नका.

डॉक्टरांनी तिथेच बोट ठेवलं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना असा कोरडा, चिवट खोकला होतो, कधी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत तर कधी काही महिन्यांनी, त्यामुळे गोळीचा आणि खोकल्याचा संबंध लक्षातच येत नाही. गोळी बदलून दिली. एक्स-रे काढला, तो क्लिअर आला.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. आठवडाभरात त्यांचा फोन, "मॅडम, गोळी बदलली तरी खोकला आहेच, म्हणजे एक्स-रेमध्ये सुटलं असणार." डॉक्टरांनी सांगितलेलं होतं की थांबायला साधारण १ ते ४ आठवडे लागतात, एखाद्याला ३ महिनेही, पण भीतीला हे आठवत नाही. त्या काळात आमचं खरं काम झालं. मुद्दाम खोकून बघणं बंद, रात्रीची शोधाशोध बंद, आणि बायकोने "आवाज वेगळा येतोय का" याला उत्तर द्यायचं नाही असं तिघांनी मिळून ठरवलं. सतत घसा खाकरायची सवय लागली होती, ती सगळ्यात अवघड गेली. खाकरलं की घसा आणखी चोळला जातो, मग पुन्हा खवखव, की पुन्हा खाकरणं. उबळ आली की आधी आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा घोट घ्यायचा, मग नाकाने सावकाश श्वास, जमेल तेवढं थांबायचं. जुनाट खोकल्याच्या स्पीच थेरपीतही असंच शिकवतात. हळूहळू कमी झाला, मधे एकदोनदा वाढलाही, पण गेला.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते. तपासण्या न करताच "हा मानसिक खोकला आहे" असं कुणाला म्हणू नका. "बघा, झोपेत खोकत नाही, म्हणजे मनाचंच आहे" हे तर अगदी चुकीचं, कारण झोपेत कुठलाही खोकला कमीच होतो.

आणि काही बाबतीत वाट बघायचीच नाही. थुंकीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, ताप, धाप, छातीत दुखणं, आवाज बसून राहणं, किंवा सिगरेट ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला अचानक बदलणं, यातलं काहीही असलं तर लगेच डॉक्टर. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची का, हेही डॉक्टरला विचारून घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो औषधांनी बरा होतो.

घरात असं घाबरलेलं कुणी असेल तर दिवसातून दहा वेळा "काही होणार नाही" म्हणण्यापेक्षा अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, सोबत जा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, बीपीच्या, ॲसिडिटीच्या, सगळ्या.