‘विजोड होऊ नका’ म्हणणारं बायबल येशूला पाप्यांच्या पंगतीला कसं बसवतं?

तुम्ही विचारलंय, मित्राच्या बहिणीच्या लग्नात जेवलात म्हणून मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बंधूंनी 2 करिंथ 6:14 (येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र) काढून दाखवलं, की विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. मग पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांबरोबर जेवणारा येशू चुकला का?

जेवलात ते योग्यच केलंत. या दोन वचनांच्या कात्रीत मीही सापडलो होतो. कॉलेजात असताना शेजारच्या काकूंनी दिवाळीला आणलेलं फराळाचं ताट मी तसंच परत केलं, वरचा क्रोशाचा रुमालही न उचलता. काकू काही बोलल्या नाहीत. आईने मात्र त्या रात्री मला 1 करिंथचा 5वा अध्याय मोठ्याने वाचायला लावला.

तिथे पौल म्हणतो, मागच्या पत्रात मी जारकर्म्यांची संगत धरू नका असं लिहिलं, ते जगातल्या लोकांविषयी नव्हतं; तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं! म्हणजे तुमच्या बंधूंचा गैरसमज करिंथमध्ये पौलाच्या हयातीतच झाला होता, आणि तो त्यानेच निस्तरला. पंगतीला बसू नका म्हणतो ते स्वतःला ‘बंधू’ म्हणवून खुशाल तसं वागणाऱ्याबरोबर. त्या मंडळीत एकाने बापाची बायको ठेवली होती, आणि मंडळी त्यावर फुगून बसली होती. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, हे पौल तिथेच सांगतो. आपण नेमकं उलटं करतो, आतल्यांना सांभाळून घेतो आणि बाहेरच्यांचं ताट परत पाठवतो. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ‘विजोड’. मूळ ग्रीक शब्दात जू आहे, आणि मागे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचं 22:10 उभं आहे: बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नको. औत धरलेल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. बैल उंच, गाढव ठेंगणं. जू तिरकं होतं, मान सोलवटते, तास वाकडं जातं. एकदा जुंपलं की मधेच मान काढून घेता येत नाही. पौलाची पुढची वाक्यं तर देवाचं मंदिर आणि मूर्ती यांविषयी आहेत, म्हणजे बोलणं चाललंय ते उपासनेतल्या जोडीचं. लग्नाच्या पंगतीत कुणी मानेवर जू घेत नाही.

जेवणाचं तर त्याने वेगळं लिहिलंय, 1 करिंथ 10:27 मध्ये. विश्वास न ठेवणाऱ्याने बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर वाढलेलं चौकशी न करता खा. पुढच्याच वचनात मात्र अट आहे: हा मूर्तीचा नैवेद्य आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणून प्रसादाचा प्रश्न वेगळा ठेवा, तो लग्नाच्या जेवणात मिसळू नका.

ते बंधू कदाचित मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (येशूच्या चरित्रातलं) 18:17 ही काढतील: न ऐकणाऱ्या भावाला परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा समज. तेव्हा त्यांच्याबरोबर बसून त्याच शुभवर्तमानाचा 9वा अध्याय उघडा. येशू जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला हाक मारतो, आणि लगेच पुढच्या वचनात घरात जकातदारांच्या पंगतीला बसलेला दिसतो.