मेणबत्ती विझल्यावर पेल्यात पाणी का चढते?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने एक प्रयोग मांडला होता. खोलगट ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि ताटलीतले पाणी पेल्यात चढते. ‘जळताना ऑक्सिजन संपतो, तो हवेत एक पंचमांश असतो, म्हणून पाणी पेल्याच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढते,’ असे कारण तिला सांगण्यात आले. मात्र घरी तिने हाच प्रयोग पाच वेळा केला, तेव्हा पाण्याची उंची दर वेळी निराळी आली. तिचे मोजमाप चुकते आहे की सांगितलेले कारण?
— एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीचे मोजमाप चुकलेले नाही, सांगितलेले कारण चुकीचे आहे. तिने पाच उंचींची नोंद ठेवली असेल, तर ती वही जपून ठेवा, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या न जुळणाऱ्या आकड्यांतच आहे. पाणी केवळ ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असते, तर तोच पेला आणि तीच मेणबत्ती असताना उंची दर वेळी जवळपास सारखीच यायला हवी होती.

हा प्रयोग फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने तो लिहून ठेवला. भांड्यातल्या हवेचा काही भाग अग्नीत रूपांतरित होऊन काचेच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो, अशी त्याची समजूत होती. ऑक्सिजनचा शोध अठराव्या शतकात लागला आणि ‘हवेचा काही भाग नाहीसा होतो’ या जुन्या समजुतीला एक नवे, शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले. आजही हे कारण पुष्कळ ठिकाणी तसेच शिकवले जाते, याची मला मनापासून खंत वाटते, कारण ते खोडून काढायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे उघडे ठेवून पाहिले तरी पुरते.

आता प्रयोग पुन्हा करा. मात्र या वेळी पाणी किती चढते याऐवजी ते केव्हा चढते, याकडे लक्ष द्या. पाण्यात चिमूटभर हळद किंवा थोडी नीळ कालवली, तर पाण्याची रेषा स्पष्ट दिसते. पेला ज्योतीवर आणून सावकाश खाली टेकवला की बहुतेक वेळा त्याच्या कडेखालून काही बुडबुडे बाहेर पडतात. नंतर काही क्षण ज्योत जळत राहते, काचेवर आतून धुरकट ओलसर थर धरतो, पण पाण्याची पातळी फारशी हलत नाही. मग ज्योत बारीक होते, विझते, वातीतून पांढऱ्या धुराची रेघ उठते आणि नेमके त्याच सुमारास पाणी झपाट्याने वर येते. ऑक्सिजन तर ज्योत जळत असतानाच खर्च होत होता. त्याची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी पाणी चढत असेल, तर ते जळण्याबरोबरच हळूहळू चढायला हवे होते, ज्योत विझेपर्यंत थांबण्याचे त्याला कारण नव्हते.

खरे कारण उष्णतेत आहे. पेला ज्योतीवरून खाली येत असताना त्यात तापलेली, प्रसरण पावलेली हवा भरते आणि तिचा काही भाग बाहेर निघून जातो. बुडबुडे दिसतात ते त्याच हवेचे. ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतले पाणी पेल्यात ढकलतो. किती हवा निसटली हे पेला किती सावकाश खाली आणला, ज्योत किती मोठी होती, काच आधीच्या प्रयोगाने तापलेली होती का, यावर अवलंबून असते. म्हणूनच पाच वेळा पाच निराळ्या उंची आल्या.

मग पुष्कळदा पाणी एक पंचमांशाच्या जवळपास का येते? हा निव्वळ योगायोग आहे, पण तो समजून घेण्यासारखा आहे. वायूचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात. खोलीचे तापमान २७ अंश धरले तर हा आकडा ३०० होतो. शेवटचा बुडबुडा निघून गेला तेव्हा पेल्यातल्या हवेचे सरासरी तापमान १०२ अंश असेल, तर तो ३७५ होतो. ती हवा थंड होऊन पुन्हा २७ अंशांवर आली की तिचे आकारमान ३७५ वरून ३०० वर, म्हणजे बरोबर चार पंचमांशांवर येते, आणि उरलेला एक पंचमांश पाण्याने भरतो. या हिशेबात ऑक्सिजनचा कोठेही संबंध आलेला नाही.

ज्वलनाचा परिणाम अजिबात होत नाही, असे मात्र नाही. मेण जळताना ढोबळमानाने ऑक्सिजनचे तीन रेणू खर्च होतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात, आणि सोबत बनणाऱ्या पाण्याच्या वाफेचे काचेवर पुन्हा पाणी होते. म्हणजे जेवढा ऑक्सिजन खर्च झाला, त्याच्या फक्त एक तृतीयांश एवढेच वायूचे आकारमान घटते. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. हवेतले त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले की ती विझते. खर्च झाला पाच टक्के, त्याचा तिसरा भाग दोन टक्क्यांहूनही कमी. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे, पण स्थिर पाण्यात तो इतका हळू विरघळतो की त्या काही सेकंदांत त्याचा फारसा फरक पडत नाही.

पडताळा पाहायचा असेल तर त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेल्यात मावणारा ऑक्सिजन तेवढाच आहे, पण पाणी स्पष्टपणे जास्त चढेल, कारण हवा जास्त तापलेली आहे. ज्योत नसतानाही हे दाखवता येते. पेला हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा, रिकामा करा आणि लगेच ताटलीतल्या गार पाण्यात उपडा घाला. पाणी थोडेच, पण दिसेल इतके चढते, आणि येथे तर काहीच जळालेले नाही. मेणबत्तीचा प्रयोग करताना मोठे माणूस शेजारी असावे आणि मुलीचे केस बांधलेले असावेत.

प्रश्न : मग हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, हे घरी दाखवायचे तरी कसे?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : ज्योत टाळा आणि गंजाची मदत घ्या. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोहकीस भुरभुरवा, म्हणजे तो कडांना चिकटून राहील. ही नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि काही दिवस हलवू नका. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते आणि त्याच्या बदल्यात कोणताही वायू सोडत नाही, त्यामुळे पाणी सावकाश चढत जाते आणि सुमारे एक पंचमांशाशी येऊन थांबते. रोज सकाळी एकाच वेळी नोंद घ्यावी, म्हणजे दिवसाच्या उन्हाने हवा तापल्याचा गोंधळ होत नाही. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तार येथे चालत नाही, कारण ती सहसा गंजत नाही.

फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी हाच मार्ग वेगळ्या धातूने धरला होता. त्यांनी बंदिस्त हवेत पारा १२ दिवस तापवला, आणि नंतर हवा पहिल्या तापमानाला आल्यावरच तिचे आकारमान मोजले. ते सुमारे एक षष्ठांशाने घटलेले आढळले. मेणबत्तीच्या प्रयोगात नेमका हाच थंड होऊ देण्याचा भाग आपण विसरतो.

प्रश्न : पेल्यातली कमी दाबाची हवा पाणी ‘ओढून’ घेते, असे म्हणणे चूक आहे का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बोलताना चालेल, उत्तरपत्रिकेत नको. पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाने ढकलले जाते, आणि हा दाब फार तर सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणूनच काठावर बसवलेला पंप खोल विहिरीतले पाणी उचलू शकत नाही आणि शेतकऱ्याला मोटर विहिरीत खाली उतरवून पाण्याजवळ बसवावी लागते.