अपूर्ण मालिका हाती घेण्यापूर्वी

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून एखाद्या अद्भुतरम्य महामालिकेचा पहिला खंड घरी नेण्यापूर्वी तिचा शेवटचा खंड प्रकाशित झाला आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे. आपण अशी मालिका पहिल्यांदाच वाचणार असाल, तर पूर्ण झालेली निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० मध्ये आला, २००७ मध्ये लेखकाचे निधन झाले, आणि त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी उरलेली कथा तीन खंडांत लिहून २०१३ मध्ये चौदाव्या खंडाशी मालिका संपवली. दुसऱ्या हाताने लिहिलेला शेवटही मला मनापासून भावला.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची प्रतीक्षा अजून चालूच आहे. तरीही ती वाचूच नये, असे मी म्हणणार नाही, कारण तिच्यातील माणसे विलक्षण जिवंत आहेत. मात्र एक वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक खंड संपताच कोणते पात्र कुठे, कोणाच्या पक्षात आणि कोणते गुपित मनात बाळगून आहे, हे लिहून ठेवावे. मी अशी नोंद न ठेवल्यामुळे एका मालिकेचे चार जाडजूड खंड मला पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले होते. वही असली, की नवा खंड येईल तेव्हा केवळ त्याआधीचा खंड चाळणे पुरते.