तुझ्या बाबावरचं ते भाषण

प्रिय बाळ,

बाबाच्या स्मृतिसभेत करायच्या भाषणाचा तुझा ड्राफ्ट येऊन आठ दिवस झाले, ब्लू टिक दिसली असेल आणि उत्तर नाही म्हणजे मावशी रागावली असं वाटलं असेल, तर तसं काही नाहीये. चार वेळा वाचला. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा लाल पेन शोधलं. पीडीएफवर लाल पेन कसं चालवतात ते मला येत नाही म्हणून हे पत्र, लांबलंय, रविवारी निवांत वाच.

पहिल्या परिच्छेदातच झंझावात, दीपस्तंभ, हाडाचा कार्यकर्ता आणि गोरगरिबांचा देवमाणूस, आणि शेवटाला न भरून येणारी पोकळी आहेच. अगं देवमाणूस? त्या माणसाला? पेशंटनं कुणी देव म्हटलं की तो म्हणायचा देव असतो तर दवाखान्याचं लाईटबिल भरलं असतं का, दहा रुपये ठेवा आणि गोळ्या जेवणानंतर घ्या. हे सगळे शब्द श्रद्धांजलीच्या सभांमध्ये इतक्या लोकांवरून फिरलेत की आता ते कुणालाच बसत नाहीत. दाभोलकरांबद्दल लोक बोलतात ना, तेव्हा मला शहीद वगैरे ऐकून जेवढं आत हलत नाही तेवढं कुणी त्यांच्या कबड्डीचं सांगितलं की हलतं. साताऱ्यात दवाखाना चालवणारा, मैदानात उतरणारा माणूस दिसतो आणि मग २० ऑगस्ट २०१३ ची ती सकाळ जास्त लागते. तुझ्या बाबाचं असं काय आहे ते तुला माहितीये, माझ्यापेक्षा जास्त माहितीये, पण ते तू लिहिलेलं नाहीस.

आधी चुका सांगते, म्हणजे तो विषय मिटेल.

तू लिहिलंयस की आणीबाणीत तो एकोणीस महिने येरवड्यात होता. नव्हता गं. तीन रात्री पोलीस कस्टडीत होता, चौथ्या दिवशी सोडलं, कारण पकडलं तेव्हा हातात पत्रकांऐवजी अॅनाटॉमीचं जर्नल होतं आणि पत्रकं माझ्या हॉस्टेलच्या गादीखाली होती. येरवड्यात महिनोन्महिने काढणारे लोक वेगळे, त्यातले काही आपल्या घरी यायचे, त्यांच्या गोष्टी ऐकताना लहानपणी तुझी गल्लत झाली असणार. तो स्वतः त्या तीन रात्रींबद्दल ढेकूण सोडून काहीही सांगायचा नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारनं आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना मानधन जाहीर केलं तेव्हा कुणीतरी फॉर्म आणून दिला, तर म्हणाला तीन रात्रीचं काय भाडं मागू. आता सभेत तू एकोणीस महिने म्हणालीस आणि समोर खरंच एकोणीस महिने काढलेला कुणी म्हातारा बसलेला असला, तर तो काही बोलणार नाही, पण नंतरचं तुझं एक अक्षर ऐकणार नाही. तीन रात्रीच सांग.

दुसरं, तू मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर १९९४ ला झालं असं लिहिलंयस. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला तो नामांतराचा, त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला जे झालं तो नामविस्तार, म्हणजे मराठवाडा नाव तसंच ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं. मध्ये साडेपंधरा वर्षं गेली. हा शब्द चुकवणाऱ्याला तो भर लग्नात धरून दुरुस्त करायचा, तुलाही केलं असेल. ७८ ला आमची इंटर्नशिप चालू होती, तो रजा टाकून तिकडच्या गावांत गेला, परत आल्यावर काय बघितलं ते बोलला नाही, नुसता जळलेल्या धान्याच्या वासाबद्दल बोलत राहिला. धान्याच्या कणग्या पण पेटवल्या होत्या म्हणाला. हे घाल हवं तर.

आता चळवळीतल्या पोरांबद्दल तू जे गोड गोड लिहिलंयस, समतेचं वातावरण वगैरे. मी तिथे होते. मंगळवारी रात्री स्टडी सर्कल असायचं, सात मुलगे आणि आम्ही दोघी, आणि जगातल्या सगळ्या शोषणावर चर्चा चालायची, तेव्हा चहा कोण करायचं? आम्ही दोघी. स्टेन्सिल कोण कापायचं, कारण अक्षर चांगलं आणि टायपिंग येतं? आम्ही. पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल मात्र ते मुलगे फिरवायचे, शाई लागलेले हात दाखवत हिंडायला बरं असतं. मग मथुरा केस आली. देसाईगंजच्या पोलीस चौकीत पोलिसांनी बलात्कार केलेली आदिवासी मुलगी, सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडून दिलेलं, चार प्राध्यापकांचं ते खुलं पत्र १९७९ चं, आणि १९८० च्या ८ मार्चला मोर्चे. आम्ही दोघी मुंबईला जाऊन आलो आणि पुढच्या मंगळवारी मी चहा केला नाही. नुसती बसून राहिले. अर्धा तास कुणाला कळेचना काय झालंय. तुझा बाबा हुशार, त्याला कळलं, पण त्यानं काय करावं तर स्त्रीमुक्तीवर वीस मिनिटं बोलला! चहा तरी आमच्यातल्या दुसरीनंच केला शेवटी. महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. नंतर कधीतरी एका मंगळवारी गेले तर हा मोरीत बसून कप विसळत होता, मान वर न करता. त्यावर आम्ही आयुष्यात कधी बोललो नाही. पण तुमच्याकडे पाहुणे आले की कप तोच विसळायचा ना? आता कळलं का कुठून आलं ते.

दवाखान्याचा भाग तू दोन ओळीत उरकलायस आणि आंदोलनांना दोन पानं दिलीत. उलट कर. मोर्चात माणूस महिन्यातून एकदा जातो, ओपीडी रोज असते. लोकांना त्या काळात सुई आणि सलाईन याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटायचं नाही, अजूनही फार वेगळं नाहीये, तू इंटर्नशिपला बघितलंस. तो टेबलावर कागद ठेवून त्यावर मीठ ओतायचा. साडेचार ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही, आणि म्हणायचा अर्ध्या लिटरच्या बाटलीत एवढंच असतं, बाकी पाणी, आणि साखरेची बाटली म्हणतात तिच्यात पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, घरी जाऊन सरबत कर. जुलाबाच्या पोराला लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे त्यानं किती हजार वेळा सांगितलं असेल. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीसांनी असंच पाणी पाजून माणसं वाचवली होती, ही गोष्ट तो कंपाउंडरपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ऐकवायचा. एमआर लोकांना, म्हणजे औषध कंपन्यांच्या माणसांना, तर तो औषधांवरच्या सरकारी हाथी कमिटीचा १९७५ चा रिपोर्ट काढून दाखवायचा, की बाबा शंभर-सव्वाशे औषधांत देशाचं भागतं, तुझं हे टॉनिक त्यात कुठंय दाखव. बिचारे एमआर. सॅम्पल ठेवून पळायचे.

पण एक गोष्ट तुला माहीत नसणार आणि ती सभेत सांगायची की नाही ते तू ठरव. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. एक बाई आली, लांबून चालत, अशक्तपणा आहे सलाईन लावा म्हणून, पदराला पैसे बांधून आणलेले. यानं सगळ्या रांगेसमोर तिला मिठाचं लेक्चर दिलं. लेक्चर एकदम करेक्ट. बाई खाली मान घालून गेली, समोरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतलं असणार. चार महिन्यांनी तिला बैलगाडीतून आणली, पायावर सूज, धाप, हिमोग्लोबिन पाचच्या खाली. म्हणजे पहिल्या दिवशीच ती पांढरीफटक असणार आणि यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीच नव्हती, कारण हा तत्त्व समजावण्यात गुंग. ती वाचली. त्याच्या डायरीत त्या तारखेला एवढंच आहे, "तत्त्व बरोबर, तपासणी अर्धवट." त्यानंतर तो भेटेल त्याची पापणी ओढायचा, लग्नात वाढणाऱ्या मुलींची, एसटीत शेजारी बसलेल्या बाईची विचारून, तुझी तर रोज. तुला वाटायचं बाबा विचित्र आहे. मला ही गोष्ट सगळ्या मोर्चांपेक्षा मोठी वाटते, पण मी डॉक्टर आहे, मला वाटणारच.

भोपाळचं तू छान लिहिलंयस, फक्त "गॅसपीडितांसाठी धावून गेला" हे काढ. डिसेंबर ८४ ला धावून जाणारे वेगळे होते. तो ८५ मध्ये गेला, मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाच्या सर्व्हेसाठी, कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरात घरोघरी फॉर्म भरायला. कंटाळवाणं काम होतं ते, धाप किती पायऱ्यांवर लागते, डोळ्यांना काय होतं, झोप लागते का. आणि पाळीचे प्रश्न विचारायची वेळ आली की बायका याच्यासमोर गप्प, मग आमच्यातल्या मुली पुढे. गॅसचं विष उतरवायला थायोसल्फेटचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर तिकडे डॉक्टरांचे दोन तट पडले होते, आणि जन्मभर इंजेक्शनच्या विरोधात बोललेला हा माणूस तिथे इंजेक्शन द्या म्हणून भांडत होता. मी चिडवलं तर म्हणाला पुरावा बदलला की मत बदलतं, त्यात काय. त्यात बरंच काय असतं हे आता या वयात कळतं, किती लोकांना जमतं ते.

सगळीकडे तो बरोबरच होता असं मात्र मला वाटत नाही. आमचा एक बॅचमेट मुलगा की मुलगी हे सांगायला गर्भजल तपासणी करायचा, आता पाचशे घाला नंतरचे लाख वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघड लागायच्या, ८८ ला महाराष्ट्रानं त्याविरुद्ध देशात पहिला कायदा केला आणि केंद्राचा यायला ९४ उजाडलं. तुझ्या बाबानं त्याच्याशी बोलणं तोडलं, इथवर ठीक. पुढे त्या माणसानं ते सगळं बंद केलं, पंधरा वर्षांनी रियुनियनला स्वतःहून जवळ आला, हात पुढे केला, आणि यानं हात खिशातच ठेवला. मी शेजारी उभी होते. परत येताना गाडीत आम्ही भांडलो. तो म्हणाला मोजता येतील का किती मुली, मी गप्प बसले, पण माझं मत अजून बदललेलं नाही. तो बॅचमेट सभेला येणारे असं ऐकलंय. त्याला नमस्कार कर, बाकी काही नको.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी आठ दिवस लागले. त्या चार पानांत तू कुठेच नाहीस. बाबा डॉक्टर, बाबा कार्यकर्ता, बाबा विद्यार्थी नेता, आणि ज्या मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तो कसल्याशा शिबिराला गेला होता ती मुलगी? तू त्या दिवशी मला फोन केला होतास, आठवतंय का, पेढे आणलेत पण घरी कुणी नाही म्हणालीस, आई ऑफिसात होती. आईचंही नाव एकदाच येतं, "खंबीर साथ" या दोन शब्दांत. अगं साथ कसली, घरभाडं तिच्या पगारातून जायचं. दहा रुपये फीवर दवाखाना चालतो तेव्हा कुठेतरी कुणीतरी नऊ ते सहा नोकरी करत असतं, आणि पुरोगामी माणसांच्या गौरवात ही नोकरी कधीच येत नाही. हे तिला विचारून लिही. ती आधी नको म्हणेल, दुसऱ्यांदा विचार.

तुला वाटत असेल राग आहे तो सभेत कसा सांगायचा, लोक काय म्हणतील, बापाच्या स्मृतिसभेत तक्रार. पेढ्यांचं सांग. कुठलीही टिप्पणी न करता नुसतं सांग. हॉलमध्ये निम्मे लोक कार्यकर्त्यांची पोरं असणार, ती आता पन्नाशीला आलीत, त्यांना कळेल.

कागदांचं काय करतेयस? रद्दीवाल्याला बोलावलं असलंस तर थांब. जुन्या बुलेटिनच्या फायली, सायक्लोस्टाइलचे कागद उडत चाललेत, ते आधी स्कॅन कर. पेशंटच्या डायऱ्या कुणाला देऊ नकोस, त्यात नावं आहेत, आजार आहेत, त्या तुझ्याजवळच राहू देत. कंपाउंडर काकांना एकदा निवांत भेट, रेकॉर्डिंग लावून, ते मोबाईल बघून लाजतील, मग तो उलटा ठेव. त्यांच्याइतकं तुझ्या बाबाला कुणी बघितलेलं नाही, मीसुद्धा नाही, आणि सभेच्या वक्त्यांमध्ये त्यांचं नाव नाहीये. तेवढं संयोजकांशी बोलून घे.

सोबत एक फोटो पाठवतेय. डावीकडून तिसरा तो, दाढी आहे म्हणून ओळखू येणार नाही. मागे त्याच्याच अक्षरात "८ मार्च १९८०" लिहिलंय पण त्या दिवशी तो आमच्याबरोबर नव्हताच, फोटो पुढच्या वर्षीचा आहे. मी एकदा म्हटलं तारीख चुकलीये तुझी, तर हसला आणि म्हणाला राहू दे.

सात मिनिटांत बोलून हो. आणि माईक आधी तपासायला सांग, त्या हॉलचा माईक पहिल्यापासून खराब आहे.

तुझी,
मावशी